फॉर्म भरला, पण मुलाला विचारायचं राहिलं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, मुलगी पाच वर्षांची. गेल्या काही महिन्यांपासून मुलाची अंघोळ पाऊण-पाऊण तास चालते. गृहपाठ लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, अगदी कागद फाटेपर्यंत. रात्री झोपण्याआधी ‘आई, आज माझ्यामुळे कुणाला काही झालं नाही ना?’ असं विचारतो. नाही म्हटलं की पुन्हा विचारतो. मी मोबाइलवर ओसीडीची (नको असलेल्या विचारांत आणि त्याच त्या कृतींत माणूस अडकतो, त्या आजाराची) एक प्रश्नावली शोधून त्याच्या नावानं भरली. ‘शक्यता जास्त’ असा निकाल आला. खात्री वाटेना म्हणून पुन्हा पुन्हा भरून पाहिली. मग घाबरून मुलीचीही भरली, कारण ती खेळणी ओळीतच लावते आणि झोपताना तिला तीच गोष्ट त्याच शब्दांत हवी असते. तिचाही आकडा जास्त आला. नवऱ्याचं म्हणणं, वय आहे, जाईल. उगाच शिक्का बसेल. सासरे आयुष्यभर ‘मंत्रचळे’ म्हणून ओळखले गेले, त्यामुळे त्याला हा विषयच नको असतो. मुलाशी मी काही बोललेले नाही. विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरेल, अशी भीती वाटते. दोघांचीही तपासणी करून घ्यावी का? आणि शाळेतच सगळ्या मुलांची ही तपासणी का होत नाही?

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग सविस्तर बोलू. मुलाला येत्या काही आठवड्यांत तज्ज्ञांना दाखवा. मुलीसाठी आत्ता काही करायची गरज मला दिसत नाही. ही दोन्ही मतं मी तुमच्या फॉर्मवरून बनवलेली नाहीत. फॉर्मनं दोघांनाही ‘जास्त’ ठरवलं, म्हणजे तुमच्या दोन मुलांमधला फरक त्याला कळलाच नाही. तुमच्या पत्रातल्या चार ओळींमधून तो मला कळला.

प्रश्नावल्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. शाळेत डोळे तपासतात तेव्हा तक्त्यावरची खालची ओळ न वाचता आलेल्या मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. चष्म्याचा नंबर काही तिथं ठरत नाही. प्राथमिक तपासणीचं काम एवढंच असतं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २००५ मध्ये ओसीडीसाठी सहा साधे प्रश्न सुचवले. त्यांचा आशय असा: तू खूप धुतोस किंवा साफसफाई करतोस का? पुन्हा पुन्हा तपासून पाहतोस का? एखादा विचार सतत छळतो, घालवावासा वाटतो पण जात नाही, असं होतं का? रोजची कामं उरकायला फार वेळ लागतो का? वस्तू ठरावीक पद्धतीनंच असाव्यात असं वाटतं का, किंवा पसारा दिसला की खूप अस्वस्थ होतोस का? आणि या सगळ्याचा तुला त्रास होतो का?

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पहिल्या पाच प्रश्नांना एखादं टापटीप, काळजीपूर्वक काम करणारं मूलही ‘हो’ म्हणेल. सहाव्याला ‘हो’ म्हणताना ज्याचा आवाज बदलतो, ते मूल वेगळं. आणि या प्रश्नांमधला ‘तू’ मुलासाठी आहे. तुम्ही त्याच्या वतीनं उत्तरं दिलीत तेव्हा तुम्हाला डोळ्यांनी दिसलं तेवढंच फॉर्मवर गेलं. अंघोळ दिसली, खोडरबर दिसलं. पाऊण तास पाण्याखाली उभं असताना त्याच्या मनात काय चालतं, ते तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. ओसीडीचा मोठा भाग असाच आत चालतो. काही मुलं तर बाहेरून काहीच करत नाहीत. मनातल्या मनात आकडे मोजतात, एखादं वाक्य उलटसुलट म्हणतात, घडून गेलेला प्रसंग पुन्हा पुन्हा तपासतात. आईवडिलांनी भरलेल्या फॉर्ममध्ये अशी मुलं सुटून जातात.

म्हणून मोठ्या मुलांसाठीच्या चांगल्या प्रश्नावल्या त्यांनी स्वतः भरायच्या असतात. त्यातली एक, ओसीआय-सीव्ही नावाची, सात ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात एकवीस विधानं आहेत. त्यापुढची पायरी म्हणजे सीवाय-बॉक्स. ही तज्ज्ञानं मुलाशी आणि पालकांशी बोलून भरायची मोजपट्टी आहे. विचार आणि कृती यांत किती वेळ जातो, त्यांचा त्रास किती, त्यांना विरोध करता येतो का, असे दहा मुद्दे आणि एकूण चाळीस गुण. साधारण सोळा किंवा त्याहून जास्त गुण आले तर त्रास उपचार करावा इतका आहे असं धरतात. तरी निदान ठरतं ते मुलाशी सविस्तर बोलूनच. रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन करून ओसीडीचं निदान होत नाही, हेही सांगून ठेवते, कारण घाबरलेले पालक त्याही वाटेनं जातात.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुम्ही अंघोळ आणि गृहपाठाच्या मागे टाकलीत, तिच्याकडे येते. रात्रीचा तो प्रश्न. ‘माझ्यामुळे कुणाला काही झालं नाही ना?’ मला यातच सगळ्यांत जास्त दिसलं. आपण नकळत कुणाचं तरी वाईट केलं असेल ही शंका त्याला छळते आहे, आणि तुमच्या तोंडचं ‘नाही’ ऐकून त्याला घटकाभर सुटल्यासारखं वाटतं. ती सुटका टिकत नाही, म्हणून तो पुन्हा विचारतो. नको असलेला विचार, त्यानं आलेली भीती, ती शमवायला केलेली कृती, थोडा वेळ आराम आणि पुन्हा तोच विचार: ओसीडी या चक्रावर चालतो. कदाचित अंघोळ आणि खोडाखोडही याच शंकेशी जोडलेली असेल. कदाचित नसेल. ते त्यालाच ठाऊक.

आणि त्यालाच तुम्ही विचारलेलं नाही. विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरेल ही तुमची भीती मी समजू शकते, पण ती खरी नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, की नको ते, विचित्र, भलते विचार तुमच्या मनात येतात का. सुमारे ऐंशी टक्के लोकांनी हो म्हटलं. कुणाला तरी ढकलून द्यावं, काही घाणेरडं बोलून टाकावं, असे विचार बहुतेकांच्या मनात चमकून जातात. बहुतेकजण ते झटकून कामाला लागतात. ओसीडी असलेलं मूल त्या विचाराला अडकतं. असा विचार माझ्या मनात आलाच कसा, म्हणजे मी वाईट आहे का, हे त्याला सुटत नाही. आणि जगात आपण एकटेच असे आहोत असं त्याला वाटतं, म्हणून ते लपवतं. तुम्ही विचारलंत तर नवं काही पेरलं जाणार नाही. उलट हे बोलण्यासारखं आहे, हे त्याला पहिल्यांदा कळेल.

विचारायचं कसं? समोरासमोर बसवून, दार लावून, गंभीर चेहऱ्यानं नको. तेरा वर्षांच्या मुलाला चालताना, काहीतरी करता करता बोलणं सोपं जातं. ‘तू असं का करतोस’ ही सुरुवात टाळा. त्याला आरोपाचा वास येतो आणि ‘का’ला त्याच्याकडे बहुधा उत्तरही नसतं. जे दिसलं ते सांगा आणि दार उघडं ठेवा: ‘हल्ली अंघोळीत तुला खूप वेळ लागतो. मला वाटतं, त्यात तुला मजा येत नसावी. बाहेर येण्याआधी सगळं नीट झालंय असं वाटावं लागतं का? तसं वाटलंच नाही तर काय होईल असं मनात येतं?’ मग थांबा. तो ‘काही नाही’ म्हणाला तर ‘बरं’ म्हणा, आणि काही दिवसांनी पुन्हा कधीतरी. एवढं मात्र सांगून ठेवा, की पुष्कळ मुलांच्या मनात नको असलेले विचार अडकून बसतात, त्याला नाव आहे आणि त्यावर उपाय आहे.

तो बोलला आणि ऐकून तुमच्या काळजात धस्स झालं, असंही होऊ शकतं. लहान बहिणीला आपल्या हातून इजा होईल, आपल्या मनात घाणेरडी चित्रं येतात, आपण पापी आहोत, असं ओसीडी असलेली मुलं सांगतात. अशा वेळी चेहरा सांभाळा. हे विचार त्याच्या इच्छा नसतात. त्याला जे सगळ्यांत भयंकर वाटतं, नेमकं तेच त्याच्या मनात घुसतं. म्हणून तर तो इतका घाबरलेला असतो. ओसीडी न ओळखणाऱ्या मोठ्या माणसांनी अशा मुलांनाच धोकादायक ठरवलं, तर त्यांचं फार नुकसान होतं. मात्र जगावंसं वाटत नाही, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं, असं तो म्हणाला तर ती वेगळी गोष्ट आहे. मग भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका.

आता धाकटी. दोन ते पाच-सहा वर्षांच्या मुलांना ठरलेपणा मनापासून आवडतो. तोच पेला, त्याच शब्दांतली गोष्ट, ओळीतली खेळणी. जग नवं असतं आणि काही गोष्टी काल होत्या तशाच आज आहेत, याचा त्यांना आधार वाटतो. शाळेत रुळल्यावर हे बहुतेक मुलांमध्ये आपोआप विरतं. तुमच्या मुलीला ओळ लावताना आनंद होतो का, आणि ती मोडली तर थोडी कुरकुर करून ती दुसऱ्या खेळाकडे वळते का, एवढं बघा. दोन्हीचं उत्तर हो असेल तर तिला खेळू द्या. खेळताना तोंडावर ताण दिसू लागला, ओळ मोडल्यावर रडणं तासभर थांबेना, त्यापायी शाळा, जेवण, झोप बिघडू लागली, तर मग दाखवा. इतक्या लहान वयातही ओसीडी होऊ शकतो. आणखी एक गोष्ट कुठल्याही वयाच्या मुलाबद्दल लक्षात ठेवावी. कालपर्यंत ठीक असलेलं मूल एक-दोन दिवसांत अचानक अशा कृतींमध्ये पूर्ण अडकलं, किंवा खाणंच सोडलं, सोबत झटके दिल्यासारख्या हालचाली सुरू झाल्या, लघवीवरचा ताबा गेला, अक्षर बिघडलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा. घशाच्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांमध्ये असं घडतं, असं १९९८ पासून मांडलं गेलं आहे. त्यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहेत, पण शारीरिक तपासणी तरी तातडीनं व्हायलाच हवी.

तुमच्या नवऱ्याबद्दल लिहिताना तुमचा थोडा राग दिसला. मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं. वडिलांना आयुष्यभर लोकांनी ‘मंत्रचळे’ म्हणताना ज्यानं ऐकलं, तो आपल्या मुलासाठी तो शब्द कसा मागून घेईल? पण त्यांनाच विचारा, की वडिलांना शब्द मिळाला, तसा उपचार कधी मिळाला होता का? शिक्का तर तपासणीशिवायही बसतो. शाळेत ‘संथ’, घरात ‘हट्टी’, मित्रांत ‘विचित्र’. ओसीडी घराण्यात चालत येऊ शकतो, लहानपणी सुरू होणारा तर जास्तच. म्हणजे आजोबांना होता म्हणून नातवाला असेलच असं नाही, पण आजोबांना होता म्हणून नातवाकडे लवकर लक्ष द्यायला हवं, हे नक्की.

‘वय आहे, जाईल’ हे म्हणणं पाच वर्षांच्या मुलीला लागू पडतं. तेरा वर्षांच्या मुलाला, महिनोन्महिने चाललेल्या आणि वाढत जाणाऱ्या त्रासाला, नाही. निदानाच्या निकषांत दिवसाचा एक तास ही ढोबळ खूण सांगितलेली असते: विचार आणि कृती मिळून दिवसाला तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यामुळे खूप त्रास होत असेल, शाळा-घर-मैत्रीत अडथळा येत असेल, तर तो आजार समजावा. तुमच्या मुलाची एकटी अंघोळच पाऊण तासाची आहे. पुष्कळ मुलं उपचारापर्यंत पोचतात ती काही वर्षं एकट्यानं झगडून झाल्यावर, आणि तोवर घराची सगळी दिनचर्याच त्या आजाराभोवती रचली गेलेली असते.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत, म्हणून मी एवढं आग्रहानं लिहिते आहे. सीबीटी या, विचार आणि वागण्यावर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धतीतला ईआरपी हा प्रकार ओसीडीसाठी मुख्य मानतात. यात मूल तज्ज्ञाच्या मदतीनं, सोप्यापासून सुरुवात करून, भीती वाटणाऱ्या गोष्टीला सामोरं जातं आणि नेहमीची कृती करत नाही. भीती वाढते, तरी काही वाईट घडत नाही, आणि कृती न करताही आपण तरून जातो, हे त्याला स्वतःला अनुभवायला मिळतं. २००४ मध्ये अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या ११२ मुलांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर सीबीटी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के जवळजवळ लक्षणमुक्त झाली. नुसत्या सीबीटीनं ३९ टक्के, नुसत्या औषधानं २१ टक्के, आणि औषध नसलेल्या गोळीनं जेमतेम ४ टक्के. ‘आपोआप जाईल’ म्हणणाऱ्यांना मी हा शेवटचा आकडा दाखवते. त्रास सौम्य किंवा मध्यम असेल तर सहसा औषधाविना सुरुवात करतात. औषध दिलंच तर पहिले काही आठवडे मुलाच्या मनःस्थितीवर बारीक लक्ष ठेवायचं असतं, कारण सर्ट्रालिनसारख्या औषधांनी काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

शाळेतच सगळ्यांची तपासणी का नाही, हा तुमचा प्रश्न वाजवी आहे. हिशोब करून पाहू. समजा हजार मुलं आहेत आणि त्यातल्या वीस जणांना ओसीडी आहे. समजा प्रश्नावली फार चांगली आहे: वीसपैकी अठरा जणांना ती पकडते आणि बाकीच्यांपैकी फक्त दहा टक्क्यांना चुकून लाल रेघ मारते. हे दहा टक्के म्हणजे ९८ मुलं. एकूण ११६ घरांत निरोप जाईल आणि त्यातल्या ९८ घरांत तो उगाच गेलेला असेल. तुमच्या मुलीच्या आकड्यानं तुमची झोप उडाली, तसं या प्रत्येक घरात होईल. शिवाय उरलेल्या दोघांना ‘सगळं ठीक’ असं सांगितलं जाईल, ते वेगळंच. पुढं तपासायला पुरेसे तज्ज्ञ नसतील तर त्या अठरा मुलांचाही फायदा होणार नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानं २०२२ मध्ये आठ ते अठरा वर्षांच्या सगळ्या मुलांची चिंताविकारांसाठी प्राथमिक तपासणी करावी असं सुचवलं. ओसीडीसाठी तशी वेगळी शिफारस त्यात नाही. माझं मत असं, की सरसकट फॉर्म वाटण्यापेक्षा शिक्षकांना खुणा माहीत असाव्यात: खोडून खोडून झिजलेला कागद, सतत धुऊन लाल झालेले हात, वेळेत न संपणारा पेपर, पुन्हा पुन्हा विचारलेला तोच प्रश्न. आणि चिंता, नैराश्य, टिक्स (आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली किंवा आवाज), लक्ष न लागणं अशा कुठल्याही कारणानं मूल डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे आलं, की ते सहा प्रश्न त्याला हमखास विचारले जावेत. यातल्या बऱ्याच गोष्टी ओसीडीच्या सोबत येतात, किंवा ओसीडी त्यांच्या आड लपतो. वर्गात मनातल्या मनात मोजणारं मूल बाहेरून लक्ष नसलेलंच दिसतं.

भेटीपर्यंत काय करायचं, ते सांगते. आठवडाभर एका वहीत लिहा: काय केलं, किती वेळ लागला, मध्ये थांबवलं तर काय झालं. आणि एक रकाना असा ठेवा, की आपण घरच्यांनी त्यासाठी काय केलं. जास्तीचा टॉवेल दिला, उत्तर दिलं, त्याच्याऐवजी कुलूप तपासलं, घरातल्यांना उशीर झाला. हा रकाना तज्ज्ञांना फार उपयोगी पडतो. प्रेमापोटी घरातले सगळे त्या आजाराला सांभाळून घ्यायला लागतात आणि त्यानं तो बळावतो. यात तुमचा दोष नाही, जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं. पण आज वाचलंत म्हणून उद्यापासून सगळं एकदम बंद करू नका; त्याच्या हातातला एकुलता एक आधार अचानक काढून घेतल्यासारखं त्याला वाटेल. रात्रीच्या प्रश्नापासून हळूहळू सुरुवात करता येईल, तीही त्याला आधी सांगून. एकदा उत्तर द्या. पुन्हा विचारलं तर म्हणा, ‘हा प्रश्न तुला पुन्हा छळतोय, मला दिसतंय. मी उत्तर दिलं की तो परत येतो. मी इथं बसते तुझ्यापाशी.’ आणि खरंच बसा.

तो फॉर्म मात्र आता मोबाइलवरून काढून टाका. खात्री वाटेना म्हणून तुम्हीही तो पुन्हा पुन्हा भरलात, आणि प्रत्येक वेळी खात्री घटकाभरच टिकली असणार. मुलाला जे होतं ते किती दमवणारं असेल, याचा थोडा अंदाज तुम्हाला यातून येईल.

मुलांसोबत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. वेळ घेताना स्पष्ट विचारा: मुलांच्या ओसीडीवर काम केलंय का, ईआरपी देता का, पालकांना सोबत घेता का? नुसती समजूत घालणं, ‘असा विचार करू नकोस’ सांगणं, श्वासाचे व्यायाम शिकवणं, एवढ्यावर भागवणारा उपचार ओसीडीला पुरत नाही. पहिल्या भेटीत मुलाला तज्ज्ञांशी थोडा वेळ एकट्यानं बोलू द्या, आणि तुम्ही दोघंही जा. वही नवऱ्यालाही आधी वाचायला द्या. डोळ्यांची तपासणी किंवा आणखी काही बहाणा सांगून मुलाला नेऊ नका. कुठं जायचंय, का जायचंय, हे दोन-तीन दिवस आधी त्याला सांगा, आणि त्याला तिथं काय सांगावंसं वाटतं, काय सांगायला नको वाटतं, तेही विचारा. बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून दिलेलं चालतं. ती चिठ्ठी तुम्ही वाचायची नाही, असंही त्याला आधीच सांगून टाका.